टाक्यांच्या जागी गोंद, आणि उशिरा उठणारी खाज

बंगळुरूहून होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील बोम्मसंद्रा हे आनेकल तालुक्यातील ठिकाण आधी औद्योगिक वसाहत म्हणून वाढले, 2001 मध्ये डॉ. देवी शेट्टी यांचे नारायण हृदयालय तेथे सुरू झाल्यावर हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दूरदूरहून येणाऱ्या रुग्णांचे ठिकाण म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये बंगळुरू मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाल्यापासून त्या मार्गाचे शेवटचे टोक म्हणूनही लोकांना माहीत झाले. जेथे रुग्ण शेकडो किलोमीटरवरून येतो, शस्त्रक्रिया करवून घेतो आणि साधारण आठवडाभरात गावी परततो, अशा कोणत्याही वैद्यकीय केंद्राच्या बाबतीत एक अडचण ठरलेली असते: शस्त्रक्रियेनंतर उशिरा उद्भवणारा त्रास शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेस क्वचितच पडतो, आणि ज्या गावच्या डॉक्टरांच्या नजरेस तो पडतो त्यांना शस्त्रक्रियागृहात काय वापरले गेले याची कल्पना नसते. जखम बंद करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय गोंदाचे वावडे, म्हणजेच ॲलर्जी, हा नेमका असा उशिराचा त्रास आहे, आणि तो ओळखण्यात होणारी चूक बहुतेक वेळा वैद्यकीय ज्ञानाच्या अभावामुळे नव्हे तर या दोन डॉक्टरांमधल्या अंतरामुळे होते.

या गोंदाचे रासायनिक कुळ सायनोॲक्रिलेट या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर 1942 मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हे द्रव्य त्यांच्या हाती आले, परंतु ते लागेल तेथे चिकटत असल्यामुळे निरुपयोगी म्हणून बाजूला पडले. 1951 मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी प्रकाशाचे वक्रीभवन मोजणाऱ्या उपकरणाच्या दोन महागड्या लोलकांमध्ये त्याचा थर दिला, लोलक एकमेकांना कायमचे चिकटले, आणि तेव्हा कुठे हा दोष हाच गुण असल्याचे कंपनीच्या ध्यानात आले. 1958 मध्ये ते बाजारात आले. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव तात्पुरता थांबवण्यासाठी त्याचा फवारा वापरला गेला, मात्र त्या काळी उपलब्ध असलेले लहान साखळीचे प्रकार, म्हणजे मिथिल आणि इथिल सायनोॲक्रिलेट, शरीरात लवकर विघटित होऊन फॉर्माल्डिहाइडसारखी दाहक द्रव्ये सोडत असल्याने ऊतींना अपाय करीत. रेणूला जोडलेली कार्बनची साखळी लांब केली की विघटन मंदावते आणि गोंद अधिक लवचीक होतो, हे कळल्यावर चार कार्बनचे ब्युटिल आणि पुढे आठ कार्बनचे ऑक्टिल सायनोॲक्रिलेट तयार झाले. डर्माबाँड या नावाने विकल्या जाणाऱ्या ऑक्टिल प्रकाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1998 मध्ये मान्यता दिली, आणि त्यानंतर अनेक शस्त्रक्रियांत कातडीच्या सर्वांत वरच्या थरासाठी टाक्यांऐवजी किंवा टाक्यांच्या जोडीला गोंद वापरण्याची पद्धत जगभर रूढ झाली.

पद्धत पाहण्यासारखी आहे. आतले थर विरघळणाऱ्या धाग्याने शिवून जखमेच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवल्या जातात, मग लहान नळीतील काचेची कुपी दाबून फोडली जाते आणि टोकाच्या स्पंजातून जांभळट रंगाचा द्रव, कोठे लावला ते दिसावे म्हणून मुद्दाम रंगवलेला, जखमेच्या रेषेवर व तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीत पातळ थरांनी पसरला जातो. कातडीवरील ओलावा लागताच द्रवातील सुटे रेणू, ज्यांना मोनोमर म्हणतात, एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या, म्हणजे पॉलिमर, बनू लागतात. या क्रियेत उष्णता बाहेर पडते, म्हणून शुद्धीवर असलेल्या रुग्णाला क्षणभर चटका जाणवतो. दोन-तीन मिनिटांत पापुद्रा घट्ट होतो, तो पाणी आणि जंतू आत जाऊ देत नाही, आणि पाच ते दहा दिवसांत वरच्या मृत कातडीबरोबर आपोआप सुटून पडतो. टाके काढण्यासाठी पुन्हा फेरी नाही, सुई नाही, लवकर आंघोळ करता येते. दूरवरच्या रुग्णासाठी ही सोय खरोखरच मोठी आहे, आणि पुढील विवेचन या सोयीला नाकारण्यासाठी केलेले नाही.

सुरुवातीची बरीच वर्षे या गोंदाची ॲलर्जी होणे जवळजवळ अशक्य मानले जात असे, आणि त्यामागचा तर्क पोकळ नव्हता. मोनोमर क्षणार्धात पॉलिमर होतो, पॉलिमरचे महाकाय रेणू कातडीत शिरू शकत नाहीत, शिवाय गोंद वरच्या थरातील केराटिन या प्रथिनाला इतका घट्ट चिकटतो की खालच्या जिवंत थरापर्यंत काही पोहोचण्यास वाव उरत नाही, असे मानले जाई. प्रत्यक्षात मात्र सगळा मोनोमर एकाच वेळी जुळत नाही, थोडा शिल्लक राहतो. पॉलिमरही दिवसागणिक झिजत जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागी कातडीचा अडसर सुरीने आधीच तोडलेला असतो. गोंद जसजसा अधिक वापरात आला तसतशी अशा रुग्णांची वर्णने त्वचारोग आणि प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकांत वाढत गेली, आणि अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या अभ्यासकांच्या संस्थेने 2012 साठी ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ म्हणून ॲक्रिलेट कुळाचीच निवड केली. प्रमाण किती, याची उत्तरे शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार आणि पाहणाऱ्याच्या काटेकोरपणानुसार बदलतात. बहुसंख्य रुग्णांना त्रास होत नाही एवढे निश्चित, परंतु ‘जवळजवळ कधीच नाही’ हा जुना विश्वास आता टिकण्यासारखा नाही.

ही ॲलर्जी ज्या यंत्रणेने होते तिची समज हळूहळू साचत गेली आहे. पॉल लँगरहान्स या बर्लिनमधील वैद्यकीय विद्यार्थ्याने 1868 मध्ये त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या, ज्यांना आज त्याचेच नाव आहे. योझेफ यादासोन यांनी 1895 मध्ये संशयित द्रव्य कातडीवर चिकटवून प्रतिक्रिया पाहण्याची चाचणी मांडली. आणि कार्ल लँडस्टायनर यांनी 1935 मध्ये जॉन जेकब्स यांच्यासह दाखवून दिले की अगदी लहान रेणूही ॲलर्जी निर्माण करू शकतो. असा लहान रेणू, ज्याला हॅप्टेन म्हणतात, एकटा असताना रोगप्रतिकारशक्तीच्या खिजगणतीतही नसतो, परंतु त्वचेतील एखाद्या प्रथिनाला जोडला गेला की ते प्रथिन शरीराला परके वाटू लागते. लँगरहान्स पेशी हा परका तुकडा उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि तेथील टी-लसिकापेशींना त्याची ओळख करून देतात. या पेशी वाढून सर्व अंगभर पसरायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पुढच्या वेळी तेच द्रव्य कातडीला लागले की एक ते तीन दिवसांत त्या पेशी तेथे जमतात आणि खाज, सूज, बारीक फोड सुरू होतात. शेंगदाण्याच्या किंवा पेनिसिलिनच्या ॲलर्जीत काही मिनिटांत श्वास कोंडतो, ती यंत्रणा वेगळी. गोंदाची ही ‘विलंबित’ प्रतिक्रिया जीवघेणी नसते, पण हट्टी असते.

येथेच गोंदाचा एक विशेष कळतो. बहुतेक ॲलर्जीकारक द्रव्ये पहिल्या संपर्कात शरीराला सावध करतात आणि दुसऱ्या संपर्कात त्रास देतात. गोंद मात्र आठवडा-दीड आठवडा, आणि जाळीच्या पट्टीवर ओतून लावण्याच्या नव्या प्रकारात त्याहूनही अधिक काळ, कातडीवर ठाण मांडून बसत असल्यामुळे, पहिल्याच वापरात सावध होणे आणि त्रास होणे हे दोन्ही टप्पे पार पडू शकतात. म्हणूनच ज्या रुग्णाने पूर्वी कधीही हा गोंद पाहिला नव्हता त्यालाही सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पुरळ उठू शकते. ज्याचे शरीर आधीच सावध झालेले आहे त्याला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, कधी रुग्णालयात असतानाच, खाज सुटते.

मराठी वाचकाला ही गोष्ट वाटते तितकी परकी नाही. बिब्ब्याचे तेल अंगाला लागून ‘बिब्बा उतणे’ म्हणजे हीच विलंबित प्रतिक्रिया होय, आणि एकाच्या अंगावर बिब्बा उततो तर दुसऱ्याला काही होत नाही, हे खेड्यातील कोणत्याही आजीला ठाऊक असते. धोबी कपड्यांवर खुणा करण्यासाठी बिब्ब्याचाच रस वापरीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर व कमरेवर, कपड्यावरची खूण जेथे टेकत असे नेमक्या तेथे, फोड उठू लागले तेव्हा लष्करी डॉक्टरांनी 1943 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. चिकट द्रव्याचे उदाहरण तर रोज कपाळावर असते. टिकलीच्या मागील गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल हे द्रव्य काही स्त्रियांच्या कपाळावर खाज आणि काळपट डाग आणते, तर काहींच्या त्वचेतील रंगपेशीच मारून टिकलीएवढा पांढरा डाग ठेवून जाते, हे अलाहाबादचे त्वचारोगतज्ज्ञ ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये दाखवले. टिकली बदलली की कपाळ सुधारते, म्हणून बहुतेक जणी डॉक्टरांकडे जातच नाहीत. आणि शस्त्रक्रियेपूर्वी ‘कशाची ॲलर्जी आहे का’ असे विचारले असता औषधांचाच विचार मनात असल्यामुळे टिकलीचा उल्लेख कोणी करीत नाही.

गोंदाचे पुरळ ओळखण्याची पहिली खूण म्हणजे त्याचा आकार. जखमेच्या रेषेपुरते नव्हे, तर गोंद जेवढ्या रुंदीत पसरला होता तेवढ्या पट्ट्यात, आणि जेथे त्याचा ओघळ गेला होता तेथे ओघळाच्या आकारात, कातडी सुजते, तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे फोड येतात, ते फुटून पिवळसर लस वाहते आणि वाळून खपली धरते. खाज इतकी असते की रुग्णाची झोप उडते. पुढे कडा अस्पष्ट होत पुरळ पट्ट्याबाहेर सरकते, आणि काही रुग्णांत गोंद कधीच न लागलेल्या हातांवर किंवा पाठीवरही बारीक पुरळ उठते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील छायाचित्रांत असे पुरळ लालभडक दिसते. सावळ्या कातडीवर तो लाल रंग जांभळट किंवा तपकिरी छटेत बुडून जातो, म्हणून भारतीय रुग्णाच्या बाबतीत रंगापेक्षा फोड, सूज आणि खाज यांवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे, आणि दाह शमल्यावरही काळा डाग काही महिने राहू शकतो हे रुग्णाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

छातीचे हाड कापून केलेल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर, किंवा कृत्रिम गुडघा बसवल्यानंतर, जखमेवर असे काही दिसले की घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्याही मनात पहिली शंका येते ती जंतुसंसर्गाची, आणि ती यावीही, कारण छातीच्या हाडापर्यंत गेलेला संसर्ग प्राणावर बेतू शकतो. ताप, वाढत जाणारी वेदना, एका जागी येणारा घट्ट पू, दुर्गंधी, खोकताना छातीच्या हाडाची हालचाल जाणवणे, ही संसर्गाची लक्षणे. ताप नसणे, वेदनेपेक्षा खाज कितीतरी अधिक असणे आणि गोंदाच्या पट्ट्याशी जुळणारा आकार ही वावड्याची. दोन्हींत सरमिसळ होते, खाजवून फुटलेल्या फोडांत जंतू शिरतात, म्हणून शंका असेल तेव्हा लस तपासायला पाठवणे आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दूरध्वनी करणे हाच मार्ग. वाईट घडते ते फोडांतील लसीला पू समजून प्रतिजैविकांचा एक कोर्स, मग दुसरा, आणि वरून निओमायसिन किंवा नायट्रोफ्युराझोनचे मलम लावले जाते तेव्हा: ही दोन्ही मलमे भारतात स्वतःच संपर्कजन्य ॲलर्जीची नेहमीची कारणे आहेत. गोंद खाली, मलम वर, आणि पुरळ वाढतच जाते.

अर्थात दोषी प्रत्येक वेळी गोंदच असतो असे नाही. जखमेभोवती लागणाऱ्या चिकट द्रव्यांची यादी मोठी आहे: जुन्या पद्धतीच्या झिंक ऑक्साइड चिकटपट्टीत रबर आणि राळ असते, आणि चीडाच्या झाडापासून मिळणारी ही राळ ॲलर्जीच्या चाचणीसंचात फार पूर्वीपासून आहे, पट्टी अधिक घट्ट बसावी म्हणून तिच्याखाली लावले जाणारे टिंक्चर बेंझॉइन हे धूप म्हणून जाळल्या जाणाऱ्या लोबानाचेच मद्यार्कातील द्रावण असून तेही काहींना सोसत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी लावलेले आयोडीनचे द्रावण पाठीखाली साचून राहिले तर ॲलर्जीशिवायही कातडी भाजल्यासारखी होते, आणि पट्टी जोरात ओढून काढली तर नुसत्या ओढाताणीने साल निघते. रक्तातील प्रथिनांपासून केलेला फायब्रिन गोंद, जो डोळ्याच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांत वापरतात, तो तर सर्वस्वी वेगळा पदार्थ आहे. नेमका दोषी शोधायचा तर यादासोन यांची पट्टीचाचणीच करावी लागते: पाठीवर लहान कप्प्यांतून संशयित द्रव्ये 48 तास चिकटवून ठेवतात, पट्टी काढल्यावर एकदा आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा वाचन करतात. भारतासाठी ठरवलेल्या चाचणीसंचात राळ आहे, इपॉक्सी आहे, पुण्यात 1950 च्या दशकात प्रथम नजरेस आलेले गाजरगवतही आहे; सायनोॲक्रिलेट मात्र त्यात नसते, ते वेगळे मागवावे लागते. शिवाय ॲल्युमिनियमच्या कप्प्यात सायनोॲक्रिलेट आपोआप घट्ट होऊन चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते, म्हणून जाणकार त्वचारोगतज्ज्ञ प्रत्यक्ष वापरलेल्या गोंदाचा थेंब पट्टीवर वाळवून तपासतात. प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रियेआधी अशी चाचणी करावी, ही सूचना मात्र टिकत नाही, कारण चाचणीनेच एखाद्याचे शरीर सावध होण्याचा धोका असतो.

आधीच सावध झालेली माणसे कोण, हा प्रश्न बोम्मसंद्र्यासारख्या वसाहतीत अधिक अर्थपूर्ण ठरतो. यंत्रजोडणीच्या कामात पेच सैल होऊ नयेत म्हणून लावले जाणारे मेथॅक्रिलेटचे गोंद, सुट्या भागांसाठी वापरले जाणारे झटपट गोंद आणि इपॉक्सी ही तिन्ही बोटांवरील त्वचादाहाची परिचित कारणे आहेत. ॲक्रिलेट कुळातील काही द्रव्ये रबरी हातमोज्यांतूनही पार होतात, आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतील सिमेंट हाताळणाऱ्या शल्यविशारदांनाही त्याचा फटका बसलेला आहे. कृत्रिम नखे आणि पापण्या चिकटवणाऱ्या सौंदर्यप्रसाधन केंद्रांतील कामगार आणि तेथील ग्राहक यांचीही यात भर पडली आहे. मधुमेह्यांच्या दंडावर चिकटवल्या जाणाऱ्या ग्लुकोजमापक चकतीतील आयसोबोर्निल ॲक्रिलेटला 2020 मध्ये ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरवले गेले, आणि हृदयविकाराच्या रुग्णांत मधुमेह किती आढळतो हे लक्षात घेतले तर हा तपशील गौण राहत नाही. या कुळातील एका द्रव्याचे वावडे असलेल्याला दुसऱ्याचे असेलच असे नाही, विशेषतः मेथॅक्रिलेट आणि सायनोॲक्रिलेट यांचे नाते दूरचे आहे. परंतु अशा माणसाच्या जखमेसाठी साधा धागा किंवा सिलिकोनची पट्टी निवडण्यात काहीच जात नाही. फॉर्माल्डिहाइडचे वावडे असलेल्यांना तर हा गोंद लावूच नये, असे उत्पादकाच्या सूचनापत्रातच म्हटलेले असते.

या कुळाची घरगुती शाखा बहुतेक घरांच्या खणात असते, आणि तिने जानेवारी 2025 मध्ये कर्नाटकातच चर्चा घडवून आणली. हावेरी जिल्ह्याच्या हानगल तालुक्यातील आडूर येथील सरकारी आरोग्य केंद्रात सात वर्षांच्या मुलाच्या गालावरील जखमेला परिचारिकेने टाक्यांऐवजी फेविक्विक लावले, टाक्यांचा व्रण राहील असे कारण सांगितले, पालकांनी त्याचे चित्रीकरण केले, आणि फेब्रुवारीत राज्य सरकारने तिला निलंबित केले. कारवाई योग्यच होती. पण ती कल्पना आकाशातून पडलेली नव्हती, हेही मान्य करायला हवे, कारण फेविक्विक हे इथिल सायनोॲक्रिलेट आहे आणि शस्त्रक्रियागृहातील गोंदाचे सख्खे भावंड आहे. फरक आहे तो साखळीच्या लांबीचा, निर्जंतुकतेचा, शुद्धतेचा आणि घट्ट होताना सुटणाऱ्या उष्णतेचा. घरी बोट कापल्यावर हा प्रयोग करणारे अनेक जण आहेत. त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संभवते: फुटलेल्या कातडीवर इथिल प्रकार लावून शरीर सावध झाले, तर पुढे कधी शस्त्रक्रियेत ऑक्टिल प्रकार लावल्यावर दुसऱ्या दिवशीच पुरळ उठण्याची पूर्वतयारी त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली असू शकते.

उपचार त्या मानाने सरळ आहे. सर्वांत आधी गोंद काढायचा. तो ओरबाडायचा नाही, तर साधी पेट्रोलियम जेली लावून सैल होऊ द्यायचा, आणि जखम किती भरली आहे हे पाहून ते डॉक्टरांनीच करायचे. त्यानंतर स्टेरॉइडचे मलम, पुरळ फार पसरले असेल तर काही दिवस तोंडाने स्टेरॉइड, तेही मधुमेह्यात साखरेवर लक्ष ठेवून. खाजेच्या गोळ्यांनी झोप लागते, मूळ दाह फारसा शमत नाही. गोंद निघाल्यावर पुरळ साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरते आणि जखम बहुधा व्यवस्थित भरून येते. टी-लसिकापेशींची ओळख मात्र बहुधा आयुष्यभर पुसली जात नाही, त्यामुळे पुढची शस्त्रक्रिया दहा वर्षांनी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरांकडे झाली तरी ही माहिती तेथे पोहोचणे आवश्यक असते. डिस्चार्ज कार्डावर रक्तगट, औषधे, हृदयाच्या झडपेचा क्रमांकसुद्धा लिहिलेला असतो. कातडी कशाने बंद केली याची ओळ मात्र बहुधा ‘जखम स्वच्छ व कोरडी’ एवढ्यावर संपते. त्या ओळीत गोंदाचे नाव, तो ब्युटिल की ऑक्टिल, आणि वर जाळी होती की नाही, एवढे लिहिले गेले तर निपाणीच्या किंवा गडहिंग्लजच्या दवाखान्यात दहाव्या दिवशी छातीवरचे फोड दाखवायला आलेल्या रुग्णाकडे पाहताना तेथील डॉक्टरांना प्रतिजैविक लिहिण्याआधी गोंदाची शंका घेता येईल, आणि शंका खरी ठरली तर त्याच कार्डावर लाल शाईने वावड्याची नोंदही करता येईल.